बाळा परबांची लेव्हल

जान्हवी नेमकं करते काय, हे बाळा परबांना एका दमात कधीच सांगता आलं नाही आणि त्यांच्या संसारात एवढी एकच उणीव होती. बाकी सगळं झकास होतं. विक्रोळीत स्वतःची जागा होती, ती सुद्धा रिडेव्हलपमेंटनंतर सातव्या मजल्यावर. कंपनीत कपाटांच्या तपासणी खात्यातून मानाने निवृत्ती मिळाली होती. विक्रोळीत नुसतं 'कंपनी' म्हटलं की कुठली, हे कोणी विचारत नाही. साठी उलटून गेली तरी सगळं जग त्यांना 'बाळा'च म्हणत होतं, आणि त्याचीही त्यांना आता सवय झाली होती.

पण मुलीचं काम! शेजारच्या बाई 'आमचा मुलगा सीए' एवढं म्हणत आणि विषय मिटवून भाजी घ्यायला जात. परबांना मात्र आधी श्वास भरून घ्यावा लागे. "म्हणजे बघा, अमेरिकेत एक पेशंट डॉक्टरकडे जातो," इथपर्यंत ऐकणारा माणूस लिफ्टचं बटण दाबून मोकळा झालेला असे. "डॉक्टर त्याला तपासतो, काय झालं, काय केलं ते लिहून ठेवतो. ते लिहिलेलं आमच्या जान्हवीकडे येतं, पवईच्या ऑफिसात..." तोवर लिफ्ट येई. जान्हवी ते वाचते, ती भेट किती कठीण होती ते ठरवून तिला कोड नंबर देते आणि तो नंबर बघून तिथली विमा कंपनी डॉक्टरला पैसे देते, हा सगळा कळसाचा भाग परब लिफ्टच्या बंद दाराला सांगत.

परिणाम व्हायचा तो झाला. तिसऱ्या मजल्यावर जान्हवी 'बिलं फाडते' असं ठरलं. पाचव्यावर ती 'अमेरिकेतल्या दवाखान्याची ऑनलाइन कंपाउंडर' होती. आणि पहिल्या मजल्यावरच्या सोनूबाईंनी तर तिच्याकडे परस्पर गुडघ्याचं औषध मागितलं.

हेही परबांनी गिळलं असतं. पण सोसायटीच्या वर्धापन दिनाची गुणगौरवाची यादी बोर्डावर लागली आणि तीत जान्हवीचं नाव नव्हतं. दहावीवाले होते, बारावीवाले होते, एक इंजिनिअर, तो सीए, आणि देवेश. देवेशने आंतर-सोसायटी कॅरम स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला होता. स्पर्धेत संघ किती होते, हे विचारण्याचा कोतेपणा परबांनी केला नाही. तीन होते.

परब तडक सेक्रेटरी भीमराज तायड्यांच्या दारात गेले. तायडे जन्मभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. जुन्या बिल्डिंगमध्ये दोघांची दारं समोरासमोर होती, त्यामुळे दोस्ती पक्की, पण तायड्यांच्या घरी दोस्तीलाही आवक क्रमांक लागत असे.

"बाळा, माझा विरोध नाही रे," तायडे म्हणाले. "पण तिचं नाव घालू कुठल्या सदरात? कमिटीत मी विचारलं, पोरगी करते काय? एकाला सांगता आलं नाही. तुला येतं का सांगता?"

"येतं की! म्हणजे बघ, अमेरिकेत एक पेशंट..."

"ते मी लिफ्टपाशी चार वेळा ऐकलंय. लोकांना कळू दे, मग नाव घालतो. यादी अजून कच्ची आहे."

परब घरी आले ते डोक्यात कल्पना घेऊनच. त्यांच्या डोक्यात कल्पना आली की त्यांची बायको, वनमालावहिनी, आधी गॅस बारीक करत, म्हणजे ऐकताना दूध उतू जायला नको. कल्पना अशी होती: सोसायटीत आरोग्य तपासणीचं शिबिर घ्यायचं. गेटसमोरच्या दवाखान्यातल्या अनुपमा डॉक्टर तपासणार, काय झालं ते लिहिणार, आणि शेजारच्या टेबलावर जान्हवी प्रत्येक भेटीला अमेरिकन पद्धतीने कोड देणार. सगळ्या सोसायटीच्या डोळ्यांदेखत.

"बाबा, कशाला?" जान्हवी म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी पण मी तेच करू?"

"अगं, लोकांना कळायला नको?"

"मला कळतंय ना. पुरे आहे."

पण परबांचा चेहरा पाहून ती विरघळली. शेवटी मुलगी होती. अनुपमा डॉक्टरही तयार झाल्या. आपण दिवसभर घशात बॅटरी मारतो त्याला अमेरिकेत काय म्हणतात, हे त्यांनाही बघायचं होतं.

आता फक्त हॉल मिळवायचा होता. 'फक्त' हा शब्द ज्यांनी सोसायटीचा हॉल कधी मागितलेला नाही त्यांच्यासाठी आहे. तायड्यांनी नियमावली काढली. हॉल तीन कामांसाठी देता येत होता: वाढदिवस, बारसं आणि शोकसभा. शिबिर कशातच बसत नव्हतं.

"चौथं सदर घाल की," परब म्हणाले.

"त्याला सर्वसाधारण सभा लागते. या तिन्हीतलं निवड. शोकसभेला भाडं कमी आहे."

शिबिर करायचं आणि पावती शोकसभेची, हे परबांना बरं वाटेना. वाढदिवसाला केक कापल्याचा पुरावा लागत होता, कारण मागे कोणीतरी वाढदिवस सांगून साड्यांचा सेल लावला होता. राहता राहिलं बारसं. परबांनी सही केली आणि हलक्या मनाने घरी आले. संध्याकाळी रखवालदाराने शिरस्त्याप्रमाणे बोर्डावर लिहिलं: 'रविवारी हॉल बंद. परब, ७ वा मजला. बारसं.'

रात्रीचं जेवण व्हायच्या आत सोनूबाई झबलं आणि टोपडं घेऊन दारात उभ्या राहिल्या. "रे बाळा, कळवलंस नाय ता? झील की चेडू?" मुलगा झाला की मुलगी, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

वनमालावहिनींनी त्यांना पाणी दिलं, त्यांची समजूत काढली, हसून दार लावलं आणि मग त्या परबांकडे वळल्या. "घरात लग्नाची पोर आहे! आणि तुम्ही खाली बारशाचा बोर्ड लावून आलात?" पुढचं सगळं इथे देण्यात अर्थ नाही. परबांनी स्वतः खाली जाऊन, स्वतःच्या हाताने बोर्ड पुसला. झबलं मात्र सोनूबाईंनी परत नेलं नाही. "ठेव, कधीतरी लागात," म्हणाल्या.

रविवारी हॉल भरला. जान्हवीने सुरुवातीला उभं राहून समजावून सांगितलं आणि इतकं सोपं सांगितलं की परबांना वाटलं, आपण इतकी वर्षं लिफ्टपाशी उगाच घाम गाळला. ती म्हणाली, "नव्या पेशंटच्या भेटीला दोन ते पाच लेव्हल असतात. साधं दुखणं, साधा सल्ला, की दोन. जुने आजार, त्यांची औषधं, जास्त विचार करावा लागला, की तीन, चार. जिवाला धोका असेल तर पाच. डॉक्टरांनी पेशंटसाठी किती वेळ दिला, त्यावरूनही ठरवता येतं. आज डॉक्टरांना सगळे नवेच, असं धरू. आणि मी फक्त डॉक्टरांनी लिहिलेलं बघते. लिहिलं नाही, म्हणजे झालंच नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. परबांनी मागे वळून तायड्यांकडे बघितलं. तायड्यांनी मान डोलावली. खरं तर इथेच चहा देऊन शिबिर संपवायला हवं होतं.

डॉक्टर हॉलच्या आतल्या खोलीत बसल्या, जान्हवीचं टेबल बाहेर. पहिला नंबर सोनूबाईंचा. साखर, रक्तदाब, दोन्ही जुने, दोन्हींच्या गोळ्या डॉक्टरांनी बघितल्या, पुढे चालू ठेवल्या. वर सोनूबाईंनी जान्हवीच्या टेबलापाशी येऊन सांगितलं, "गावाक गेल्लंय तेव्हा माका गायन ढुशी मारल्यान. ता पण लिव गो."

"आजी, गायीच्या ढुशीला वेगळा कोड आहे," जान्हवी म्हणाली. "चावली असती तर आणखी वेगळा. पण डॉक्टरांनी लिहिलेलं नाही."

अमेरिकेसारख्या देशाने आपल्या गायीची दखल घेऊन ठेवली आहे, हे ऐकून सोनूबाईंना भरून आलं. जान्हवीने त्यांच्या हातात घडी केलेली चिठ्ठी दिली. दुसऱ्याचं दुखणं चारचौघांत सांगायचं नाही, हा तिच्या कामाचा पहिला नियम. तिने तो पाळला. सोनूबाईंनी मात्र चिठ्ठी उघडून हॉलच्या मध्यभागी जाहीर केलं, "माका चार गावले!"

आणि शिबिराची वाट लागली. विक्रोळीतला माणूस पोराचे मार्क विचारतो, फ्लॅटचे स्क्वेअर फूट विचारतो, आता त्याला आजारातही टक्केवारी मिळाली. पहिल्या मजल्यावरच्या म्हातारीला चार, मग आपल्याला किमान चार तरी हवेच, असं जो तो म्हणू लागला. सीए मुलाच्या वडिलांना तीन मिळाले तेव्हा त्यांच्या बायकोने 'अहो, तुमचं हर्नियाचं सांगितलंत का?' असं सगळ्यांसमोर विचारलं. लोक घरी जाऊन जुने एक्सरे घेऊन आले. एकाने वडिलांचा आणला. देवेश वयाने चोवीस, प्रकृतीने घोडा. त्याला दोन मिळाले तेव्हा तो आत डॉक्टरांकडे डोकावून म्हणाला, "यार काकू, कॅरमचं मनगट दुखतं ते लिहा ना!" वेळही मोजतात हे कळल्यापासून कोणी डॉक्टरांसमोरून उठेना. अनुपमा डॉक्टरांनी दुपारी दोनदा घड्याळाकडे आणि एकदा देवाकडे बघितलं.

तायडे आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. परबांना आनंद झाला. सेक्रेटरीला भारी लेव्हल मिळाली की यादीचं काम झालंच. तायडे बाहेर आले, जान्हवीने डॉक्टरांचं लिहिलेलं वाचलं, चिठ्ठी दिली. तायड्यांनी ती उघडली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"दोन," ते परबांना म्हणाले. "मला दोन. देवेशला दोन आणि मला दोन."

"काहीतरी गफलत असणार. तुझं मी बघतो," परब म्हणाले. मुंबईत 'तुझं मी बघतो' हे वाक्य माणूस विचार करून म्हणत नाही, ते खोकल्यासारखं येतं. परब लगबगीने टेबलापाशी गेले. "जान्हवी, तायडेकाकांचे चार कर गं. आपलाच माणूस आहे."

"बाबा, असं चढवून लावत नाहीत."

"इथे कुठे खरी विमा कंपनी बसलीय? कागदावरचा खेळ हा."

"खेळ म्हणून लावला तर सवय लागते. ऑफिसात कोणी चढवून लावलं तर घरी पाठवतात, आणि बरोबर करतात." तिने पुढची चिठ्ठी लिहायला घेतली. "काकांचं दोनच आहे."

परबांची पंचाईत झाली. सगळं शिबिर ज्या एका नावासाठी केलं, ते नाव घालणाराच नाराज. त्यात त्यांना आतून आणखी एक काटा टोचत होता. सोनूबाईंना चार, आणि कोडवालीच्या बापाला जर तीन आले तर? ते शेवटचा नंबर म्हणून आत गेले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "डॉक्टर, छातीत कळ येतेय."

पुढे काय होतं याची त्यांना कल्पना नव्हती. डॉक्टर ताडकन उठल्या. दवाखान्यातून ईसीजीचं मशीन आलं. परबांना आडवं केलं, शर्ट काढला, तारा लावल्या. गणपतीतही त्यांच्याकडे कोणी इतक्या एकाग्रतेने पाहिलं नव्हतं. जान्हवी पांढरीफटक पडून दारात उभी होती. ते बघून परबांना पहिल्यांदा वाटलं की आपण जरा जास्तच केलं. पण तारा लागल्यावर माणसाला मागे फिरता येत नाही.

पट्टी निघाली, स्वच्छ. डॉक्टरांनी पोट दाबलं, ढेकर आली. "काल काय जेवलात?"

"हलकंच," परब म्हणाले.

"काळ्या वाटाण्याचं सांबारं," वनमालावहिनी म्हणाल्या. "तीन वेळा. आणि वडे मी मोजले नाहीत."

डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या. जान्हवीने त्या दोनदा वाचल्या. मग तिने चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि बापाकडे न बघता त्यांच्या हातात दिली. परबांनी ती खिशात ठेवली. ती उघडायची त्यांना गरज वाटली नाही. मशीन लागलं होतं, तारा लागल्या होत्या, शिवाय पोटची मुलगी. पाच नाही तरी चार कुठे गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तायड्यांनी कमिटीची तातडीची बैठक लावली. विषय एकच: रविवारच्या शिबिरात लागलेल्या लेव्हलींबाबत सभासदांची नाराजी. कमिटी पाच जणांची, आले साठ. जान्हवी ऑफिसातून थेट आली, खांद्याला बॅग तशीच.

"पोरी, माझा तुझ्यावर राग नाही," तायडे म्हणाले. "पण मी डॉक्टरांसमोर अर्धा तास बसलो. वेळ मोजतात असं तूच म्हणालीस. मग दोन कसे?"

"काका, तुमचं मी सगळ्यांसमोर नाही सांगणार."

"सांग. माझं काय झाकायचंय?"

"नक्की? डॉक्टरांनी लिहिलंय, सर्दी, वाफ घ्या, आराम करा. तपासायला लागलेला वेळ दहा मिनिटं." ती थांबली. "आणि पुढे लिहिलंय, उरलेला वेळ पेशंटने सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची माहिती दिली. टाकीचा वेळ धरत नाहीत, काका."

हॉल फुटला. तायड्यांना स्वतःलाही हसू आवरलं नाही, पण तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "आणि बापाला किती दिले? विचारा की! पाच दिले असणार!"

सगळी डोकी परबांकडे वळली. परबांनी हे ऐकलं आणि त्यांच्या मस्तकात गेलं. पण त्याच वेळी त्यांना कळलं की खिशातल्या चिठ्ठीवर पाच असतील, निदान चार जरी असतील, तर मुलगी या साठ जणांसमोर खोटी ठरणार. आदल्या दिवशी ज्या आकड्यासाठी तारा लावून घेतल्या, तो आकडा त्यांना आता नको झाला होता. त्यांनी चिठ्ठी काढली आणि उघडली.

"दोन," ते म्हणाले.

मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. "दोन! गॅसेस, चालायला जा, वाटाणे कमी खा. लेव्हल दोन!"

लोक हसले. परबांचा मान दुखावला का? दुखावला. कसा दुखावणार नाही? सोनूबाई तर म्हणाल्याच, "अरेरे, बापडो." पण त्या हसण्यात उभे असताना परबांना कंपनीतलं तपासणी खातं आठवलं. मॅनेजरसाहेबांच्या स्वतःच्या घरी जाणारं कपाट त्यांनी परत पाठवलं होतं, दार एका केसाने वर होतं म्हणून. साहेब आठवडाभर बोलले नव्हते. ही गोष्ट परबांनी सोसायटीत प्रत्येकाला सांगितली होती, जान्हवीला तर ती लहान असताना जेवता जेवता भरवली होती. ती गोष्ट मुलीने ऐकून सोडून दिली असेल, असं ते धरून चालले होते.

"ऐका रे सगळे," परब ओरडले. डोळे भरले होते आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही. "मी छातीत कळ सांगितली. मशीन लागलं. आणि माझ्या पोरीनं मला दोन दिले. स्वतःच्या बापाला! आता विचारा मला, ती काय करते. विचारा!"

तायडे खुर्चीवरून उठले, बोर्डापाशी गेले, गुणगौरवाची कच्ची यादी उतरवली आणि खिशातलं पेन काढून उभ्या उभ्याच तीत नाव घातलं. सदर कुठलं लिहिलं, ते वर्धापन दिनाला कळलं.

त्या दिवशी देवेशला कॅरमचा कप मिळाला, सीएला पुष्पगुच्छ मिळाला, आणि मग तायड्यांनी चष्मा लावून वाचलं, "कुमारी जान्हवी बाळा परब. सदर: जे आहे तेच लिहिते." एवढं बोलून ते थांबले. अमेरिका, पेशंट, विमा कंपनी, कशाचीच गरज पडली नाही. टाळ्या मात्र थांबेनात. सोनूबाई तर गुडघे विसरून उभ्या राहिल्या.

जान्हवी शाल आणि नारळ घेऊन खाली आली. पहिल्या रांगेत परब ताठ बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, खिशात ती चिठ्ठी. ती त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून घेतली होती आणि सकाळपासून रखवालदारासकट सगळ्यांना दाखवून झाली होती. वनमालावहिनींनी त्यांना दोनदा कोपर मारून रुमाल दिला होता.

"जान्हवी," ते म्हणाले, "आत्ता छातीत काहीतरी होतंय गं. खरंच. भरून आल्यासारखं. याला काही कोड असेल ना?"

जान्हवीने नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शाल त्यांच्या खांद्यावर टाकली.

"डॉक्टरांनी लिहिलंय का?" ती म्हणाली. "नाही ना? मग झालंच नाही, बाबा."